तिसावी उडी

सकाळी सहाच्या व्यायामवर्गासाठी घरातून निघताना मी एकदा, आणि हॉलवर पोहोचल्यावर पुन्हा एकदा, स्वच्छतागृहात जाऊन येत असे. उशाशी भरून ठेवलेला तांब्या सकाळी तसाच राहत असे, कारण उठल्यापासून वर्ग संपेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. व्यायामाच्या माझ्या चारही पँट काळ्या होत्या. हॉलमधली माझी जागा शेवटच्या रांगेत, दाराजवळ, भिंतीलगत होती, आणि कोणी कारण विचारलेच तर 'मला पंख्याचा वारा सोसत नाही' हे उत्तर तयार होते. हे सगळे मी दीड वर्ष केले, आणि त्या दीड वर्षात आपण काही लपवत आहोत, असे मला एकदाही वाटले नाही. मी त्याला शिस्त समजत होते.

एका शनिवारी आमच्या तरुण प्रशिक्षकाने प्रत्येकीपुढे एकेक दोरी ठेवली आणि घड्याळ लावले. चाळीस सेकंद दोरीवरच्या उड्या, वीस सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या होत्या. लहानपणी पेठेतल्या वाड्याच्या अंगणात मी न अडखळता शंभर-दीडशे उड्या मारत असे, त्यामुळे दोरी हातात आल्यावर मला आनंदच झाला. पहिल्या वीस-पंचवीस उड्या झकास गेल्या. तिसाव्या उडीच्या सुमारास काहीतरी कोमट, थोडेसेच, मला न विचारता निसटले, आणि चार-पाच उड्यांनंतर पुन्हा तेच झाले. मी दोरी टाकून खाली बसले आणि बुटाची नाडी सोडून परत बांधू लागले. मान वर केली तेव्हा पुढच्या रांगेतली एक जण पोटरीत गोळा आल्याचे सांगत भिंतीला टेकली होती. दुसरी फोन आल्याचे सांगून बाहेर निघाली होती, आणि तिचा फोन मात्र खिडकीत निपचित पडलेला दिसत होता. आम्ही तिघीही चाळिशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. "मॅडम, पंधराच सेकंद राहिलेत, सोडायचं नाही!" असे तो मुलगा जीव तोडून ओरडत होता, आणि आपण काय बोलून जात आहोत, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

घरी येऊन मी या गोष्टीसाठी शब्द शोधू लागले. मराठीत शब्द नाहीत, असे मुळीच नाही. 'लघवी सुटते', 'थेंब जातात', 'शिंकलं की होते', असे बायका एकमेकींना सांगत आल्या आहेत, आणि याच्याच शेजारच्या विकारासाठी, गर्भाशय खाली सरकण्यासाठी, 'अंग बाहेर येणे' हा शब्दप्रयोग माझ्या आजीच्या पिढीत सर्रास वापरला जात असे. पण हे शब्द माजघरातले. डॉक्टरांपुढच्या खुर्चीवर बसले की ते घशातच अडकतात. इंग्रजीत या प्रकाराला 'स्ट्रेस इनकॉन्टिनन्स' म्हणतात, आणि त्यातल्या 'स्ट्रेस'चा मी सरळ मनस्ताप असा अर्थ लावला. मुलाचे दहावीचे वर्ष, कचेरीतली वर्षअखेर, सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, अशी कारणांची यादी तयारच होती, म्हणून मी पंधरा दिवस निष्ठेने अनुलोम-विलोम केला. तो 'स्ट्रेस' म्हणजे पोटातला दाब, हे मला नंतर कळले. खोकताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना किंवा उडी मारताना पोटातला दाब एकाएकी वाढतो आणि लघवीचे थेंब जातात, तो हा प्रकार. याच्या उलट, घराचे कुलूप उघडता उघडता किंवा नळाचा आवाज ऐकल्याबरोबर अनावर कळ येऊन दारापर्यंतही पोहोचता येत नाही, तो प्रकार वेगळा आणि त्याचे उपचारही काहीसे वेगळे. कित्येकींना दोन्ही असतात. मराठी माहितीपत्रकांत पहिल्या प्रकाराला 'ताणजन्य' म्हटलेले मी पाहिले आहे. ते 'दाबजन्य' असते, तर माझे पंधरा दिवस वाचले असते.

दाब कशावर येतो, हे समजण्यासाठी शरीराच्या तळाशी जावे लागते. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या हाडांपर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांचा भार ती दिवसभर पेलते. तिच्यातले बहुतांश तंतू मंद, पण न थकता काम करणारे असतात, आणि उरलेले चपळ तंतू शिंकेच्या क्षणी झटक्यात आकसतात. या झोळीचे मूत्रमार्गाशी नाते काय, याची सर्वांत पटणारी मांडणी जॉन डीलॅन्सी या अमेरिकी डॉक्टरांनी १९९४ मध्ये केली. मूत्रमार्ग या आधारावर टेकलेला असतो, वरून दाब आला की तो आधारावर दाबला जाऊन मिटतो, आणि आधारच सैल असेल तर मिटत नाही. मला हे समजावणाऱ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी बागेतल्या नळीचा दाखला दिला होता. फरशीवर पडलेल्या नळीवर पाय दिला की पाणी थांबते. तीच नळी चिखलात पडलेली असेल, तर पायाखाली ती नुसती रुतते आणि पाणी वाहत राहते.

आता या झोळीवर उड्यांचा मारा होतो, तेव्हा काय घडते ते पाहावे. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट प्रतिघात मिळतो, आणि जिम्नॅस्टिक्समधल्या उंच उडीनंतर उतरताना तो त्याच्या कितीतरी पट होतो. पाय टेकण्याच्या किंचित आधी झोळी आकसलेली असावी लागते, आणि निरोगी शरीरात ते आपोआप होते. दोरीवर मात्र एका सेकंदाला दोन उड्या पडतात. पहिल्या वीस-पंचवीस उड्यांपर्यंत माझे चपळ तंतू वेळ साधत होते, मग ते थकत आणि उशिरा पोहोचत. त्यामुळे गळती पहिल्या उडीला होत नसे, तिसाव्या उडीला होत असे. सिंहगडावर चढताना मला काहीच होत नाही आणि उतरताना होते, याचेही उत्तर इथेच मिळाले, कारण उतरताना प्रत्येक पायरीवर शरीर पडता पडता सावरलेले असते.

हे सगळे बाळंतपणामुळे होते, असे मी धरून चालले होते. माझे पहिले बाळंतपण नैसर्गिक आणि दुसरे शस्त्रक्रियेने झाले. गर्भारपण आणि प्रसूती यांनी ही झोळी ताणली जाते, त्यात कधी इजाही होते, हे खरेच आहे, आणि सिझेरियनने धोका कमी झाला तरी तो संपत नाही, कारण नऊ महिन्यांचा भार तर झोळीने वाहिलेलाच असतो. पण १९९४ मध्येच अमेरिकेत इन्ग्रिड नायगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने माझ्या या समजाला धक्का दिला. त्यांनी विद्यापीठांच्या संघांतून खेळणाऱ्या, सरासरी विशीच्या आणि मूल न झालेल्या १४४ मुलींची उत्तरे तपासली. त्यांच्यातल्या २८ टक्के मुलींना खेळताना कधी ना कधी गळती झाली होती. जिम्नॅस्टिक्समध्ये हे प्रमाण ६७ टक्के, बास्केटबॉलमध्ये ६६, टेनिसमध्ये ५० होते, आणि गोल्फ खेळणाऱ्यांत शून्य. पुढे २००२ मध्ये स्वीडनमधल्या ट्रॅम्पोलीन, म्हणजे ताणलेल्या लवचिक कापडावर उंच उड्या मारण्याच्या खेळातल्या, खेळाडूंचा अभ्यास आला. १२ ते २२ वर्षांच्या त्या ३५ मुलींपैकी २८ जणींना ट्रॅम्पोलीनच्या सरावात गळती होत होती, आणि सरावाखेरीज एरवी कधीही नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या संदर्भात 'बाळंतपणानंतर असं चालायचंच' हे वाक्य उच्चारून पाहावे, म्हणजे त्यातला फोलपणा ऐकू येतो. या मुलींचे स्नायू दुबळे नव्हते. त्यांच्या खेळाची मागणी त्या स्नायूंच्या क्षमतेच्या पुढे गेली होती.

मागणी जास्त आहे, हे मान्य करणे वेगळे आणि ती पराक्रमाची खूण मानणे वेगळे. २०१३ मध्ये क्रॉसफिट या वजने आणि उड्यांच्या दमछाक करणाऱ्या व्यायामप्रकाराच्या स्पर्धांच्या वेळी एक व्हिडिओ निघाला होता. त्यात व्यायाम करताना लघवी होते का, असे स्पर्धक स्त्रियांना विचारले जात होते आणि त्या हसत हसत हो म्हणत होत्या, म्हणजे जणू हाताला पडलेल्या घट्ट्यांसारखीच मेहनतीची ही आणखी एक निशाणी. त्यावर स्त्रीआरोग्याच्या फिजिओथेरपिस्ट चिडल्या, ते योग्यच झाले. तरीही मला त्या व्हिडिओचा पुरता राग येत नाही. मी बुटाची नाडी बांधत बसले होते. त्या निदान तोंडाने बोलत होत्या. फक्त बोलून झाल्यावर पुढे काय करायचे, ते तिथे कोणी सांगत नव्हते.

आमच्याकडे तर बोलण्याचीही पद्धत नाही, पण उड्या पुष्कळ आहेत. श्रावणातल्या मंगळागौरीची रात्र आठवून पाहावी. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, हे सगळे नऊवारी नेसून, उकडीच्या-पुरणाच्या जेवणानंतर, पहाटेपर्यंत चालायचे. याहून तीव्र व्यायामाचा वर्ग कोणत्या जिममध्ये होत असेल, असे मला वाटत नाही. उकिडवे बसून एकेक पाय पुढे फेकत घातलेली बसफुगडी तर मांड्या आणि ओटीपोट या दोहोंची परीक्षाच असते. माझी आई बसफुगडीत कोणाला हार जात नसे, असे माझ्या मावश्या सांगतात. मी मात्र आईला कधी फुगडी घालताना पाहिलेले नाही. मला कळू लागले तेव्हापासून ती भिंतीशी सतरंजीवर बसून गाणी म्हणणाऱ्यांत असायची, आणि कोणी हात धरून ओढू लागले की "माझे गुडघे गं" असे म्हणायची.

दोरीचा तो शनिवार झाल्यावर मी आईला फोन करून सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, गुडघ्यांना काय झालं होतं? तुझ्या वेळेनंतर मला उडी मारवेना. नेसूचं ओलं व्हायचं." मी विचारले, "मग तू कोणाला सांगितलं नाहीस?" त्यावर तिने "सांगायचं काय त्यात?" असे विचारले, आणि त्या भिंतीशी बसणाऱ्यांपैकी आणखी चौघींची नावे, मी न विचारता, एकामागून एक घेतली. त्या पाचही जणी एकमेकींच्या शेजारी बसून रात्र-रात्र गात होत्या, आणि पाचही जणींचे गुडघे दुखत होते.

आता मंगळागौरीचे खेळ करणारे गट निघाले आहेत. त्यांत पन्नाशी-साठीच्या बायका महिनाभर सराव करतात आणि एका श्रावणात कितीतरी कार्यक्रम करतात. अशाच एका गटातली माझी मैत्रीण सांगते, की त्यांच्या पिशवीत नथीच्या डबीशेजारी पॅडचे पाकीट असतेच. तेही बहुधा पाळीचेच असते; ते दाट रक्तासाठी बनवलेले असल्यामुळे झरकन आलेली लघवी त्यात नीट शोषली जात नाही, आणि लघवीसाठीची पॅड वेगळी मिळतात, हे दुकानदारासमोर विचारण्याचा संकोच वाटतो.

मी आधी ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी वहीतून मान वर न करता मला सांगितले, की या वयात असे होतेच, उड्या बंद करा आणि चालत जा. चालणे उत्तमच आहे. पण मधुमेहाची आनुवंशिकता असलेल्या, हाडे विरळ होण्याच्या वयाकडे निघालेल्या बाईला दम लागेल असा व्यायाम सोडायला सांगणे ही लहान गोष्ट नाही, आणि या एका कारणाने कित्येक जणी मैदानातून, वर्गातून, डोंगरावरून गुपचूप घरी परततात. तिथे दुसरा काही उपाय असतो का, असे मी विचारले, तर शस्त्रक्रियेचे नाव निघाले. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये उल्फ उल्मस्टेन यांनी रूढ केली आणि तिने अनेकींना आराम पडला, हे खरे. पण जाळीच्या गुंतागुंतींमुळे इंग्लंडमध्ये २०१८ साली ती थांबवण्यात आली, हेही खरे. कोणत्याही परिस्थितीत ती पहिली पायरी नव्हे. कोणत्या आजारावर कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या, ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेचे मार्गदर्शन असे आहे, की प्रथम किमान ३ महिने देखरेखीखाली या स्नायूंचा व्यायाम द्यावा, आणि त्यात दिवसातून ३ वेळा किमान ८ आकुंचने असावीत.

या व्यायामाला केगल हे नाव लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांच्यावरून पडले. त्यांनी १९४८ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि आकुंचनाचा जोर मोजणारे उपकरणही बनवले. त्यांच्या आधी १९३६ मध्ये मार्गारेट मॉरिस या ब्रिटिश नर्तकीने हे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम सांगितला होता, आणि उड्यांशी रोजचा संबंध असलेल्या बाईला ते सुचावे, याचे मला नवल वाटत नाही. 'हे तर आपले मूलबंध' असे कोणीतरी म्हणणारच. हठयोगातल्या मूलबंधात याच भागाचे आकुंचन सांगितले आहे, हे मान्य; पण ते अपान, म्हणजे शरीरातला खाली जाणारा वायू, वर खेचण्यासाठी. ओल्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, शेकशेगडी आणि पोटाला घट्ट पट्टा देणाऱ्या आपल्या परंपरेने तिच्या तळाच्या झोळीसाठी मूलबंध वापरल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मी स्वतः मोबाइलवर पाहून दोन महिने केगल केले आणि काडीचा फरक पडला नाही. त्याचे कारण फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्याच तपासणीत सांगितले. मी झोळी वर उचलत नव्हते. श्वास कोंडून, पोट आत ओढून खाली जोर देत होते, म्हणजे व्यायामाच्या नावाखाली नेमका उलटा ताण देत होते. या चुकीत मी एकटी नाही. १९९१ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना हे आकुंचन थोडक्यात तोंडी समजावून मग मोजले गेले, तेव्हा २३ जणींना ते उत्तम जमले आणि १२ जणींची पद्धत गळती वाढवू शकेल अशी निघाली. म्हणून हातमोजा घालून आतून तपासणारी जाणकार व्यक्ती लागते. ती तपासणी लाजिरवाणी वाटेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती दातांच्या डॉक्टरांकडच्या खुर्चीहून सुसह्य होती. बाईंनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे मला स्नायू पूर्ण सोडताही येत नव्हते. दीड वर्ष धास्तीने मी ते अर्धवट आवळून धरले होते, आणि आधीच आवळलेला स्नायू झटका आल्यावर आणखी काय आवळणार? काही खेळाडूंची अडचण हीच असते, आणि त्यांना नुसते 'केगल करा' म्हणणे अपायकारक ठरू शकते.

मग शिकवणी सुरू झाली. वायू आणि लघवी एकाच वेळी अडवायची आहे अशा कल्पनेने आत आणि वर उचलायचे, सहा ते आठ सेकंद धरायचे, तितकाच वेळ पूर्ण सोडायचे. त्यानंतर दहा झटपट आकुंचने. आधी आडवे पडून, मग बसून, मग उभ्याने. खोकण्याच्या क्षणभर आधी झोळी आवळण्याची एक खुबी आहे. इंग्रजीत तिला 'नॅक'च म्हणतात. १९९८ मधल्या अभ्यासात वयस्क स्त्रियांना आठवडाभर ती शिकवल्यावर मध्यम खोकल्यातली गळती ९८ टक्क्यांनी आणि जोराच्या खोकल्यातली ७३ टक्क्यांनी घटली होती. दोरीवर मात्र प्रत्येक उडीआधी अशी आठवण ठेवता येत नाही, तिथे स्नायूलाच सवय लागावी लागते, आणि त्याला महिने जातात. पाणी तोडण्याचा माझा नियम पहिल्याच दिवशी रद्द झाला, कारण दाट लघवीने मूत्राशय चिडते आणि बद्धकोष्ठाने कुंथावे लागते, तो पुन्हा खालच्या झोळीवरच भार. 'असू दे' म्हणून कळ नसताना दोन-दोनदा जाण्याची सवयही मोडावी लागली. थोड्याशा भरण्यावरच हाक मारायला मूत्राशय त्यामुळे शिकते.

उपायाची खात्री किती, असे मी बाईंना विचारले होते. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, दाबजन्य गळती असलेल्या स्त्रियांपैकी हा व्यायाम केलेल्या ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले, आणि न केलेल्यांपैकी ६ टक्के जणींनी. हे आकडे मुख्यतः सर्वसामान्य स्त्रियांचे आहेत, ट्रॅम्पोलीनवर उड्या मारणाऱ्यांचे नव्हेत, हेही त्यांनी लगेच सांगितले, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. काही जणींना व्यायामापुरती योनीत बसवायची पेसरी, म्हणजे आतून आधार देणारी लहानशी वस्तू, उपयोगी पडते. माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

सगळ्यांत अवघड काम प्रशिक्षकाला सांगण्याचे होते. वर्ग संपल्यावर मी त्याला थांबवले आणि, आधी पाठ करून ठेवलेली दोन वाक्ये म्हणून टाकली. तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने विचारले, "म्हणजे मॅडम, मी 'श्वास रोखा, पोट आत' म्हणतो, ते चुकतंय का?" अंशतः चुकतच होते. वजन उचलताना श्वास सोडावा, म्हणजे वरचा दाब कमी होतो, एवढे मी त्याला सांगितले. पुढच्या आठवड्यापासून त्याने दोरीच्या दिवशी सर्वांसाठीच एक पर्यायी हालचाल ठेवली आणि ती का ठेवली, हे कोणालाच सांगितले नाही. पोटरीत गोळा येणारीने महिनाभरानंतर माझ्याकडून फिजिओथेरपिस्टबाईंचा नंबर घेतला. फोन वाजणारीने अजून घेतलेला नाही, पण ती आता माझ्या शेजारी उभी राहते.

आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिला हा व्यायाम मी फोनवरून शिकवू नये, असे बाईंनी बजावल्यामुळे ती पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर येणार आहे. 'बसफुगडी घालायची आहे का', असे मी तिला थट्टेने विचारले, तेव्हा "आधी शिंकू दे नीट" असे ती म्हणाली. माझ्याकडे एक वही आहे आणि तिच्यात दोरीच्या दिवशी मी आकडा लिहिते. पाचव्या महिन्याच्या अखेरीची नोंद अशी आहे: 'उड्या ७०. ६२ पर्यंत कोरड्या. मग दोन थेंब. सर्दी होती, रात्रभर खोकले. पाणी प्यायले होते.'